वजा केलेले वीस

तांडा, वारंगा फाट्याजवळ
दि. १४ डिसेंबर २००४

प्रिय दादा,

शितलचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. ही ओळ नुसती रिवाज म्हणून लिहिलेली नाही. आज सकाळी मशीनवर पाहून लिहिली आहे. वहिनीचा बीपी १२६/८०! पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतला, तरी तेवढाच!

आणि तुझी पोरगी! अकरा दिवसांची झाली. केस इतके दाट की बापू म्हणतात, हिला आत्ताच फणी लागते. भूक लागली की आधी हळूच कुरकुरते, मग एकदम सगळा तांडा जागा करते. याडी म्हणते, "माझ्या ट्रकवाल्या लेकाची पोर हाय, भोंगा तर असणारच."

कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे. बापूंचा गुडघा बरा आहे.

दादा, आता पुढचं गाडीवर चढायच्या आधी वाच.

तुला पाठवलेल्या दोन्ही पत्रांतले बीपीचे आकडे खरे नव्हते. मशीन तू आणून दिलंस, सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं काम डॉक्टर मॅडमनी मला दिलं. घरात मीच शिकलेली. पण पट्टा उघड्या दंडाला बांधायचा असतो, आणि वहिनीच्या दोन्ही दंडांवर लग्नाचा चुडो, दंडभर बांगड्या. आधी तो सैल होता, दवाखान्यात वर सरकवून काम भागायचं. आठव्या महिन्यात तिचे हात सुजले आणि चुडो हलेना. तोडायचं नाव काढलं तर याडी भडकली. "माझा देविदास गाडीवर हाय! नवरा जिता असताना चुडो तोडतात काय? तुला शाळंत हेच शिकिवलं?"

म्हणून मी पट्टा कोपराच्या खाली बांधायला लागले. कधीतरी सिस्टर बोलताना म्हणाल्या होत्या, खाली बांधलं तर आकडा जास्त येतो. किती जास्त, ते विचारायची मला लाज वाटली. बारावी शिकलेलीनं एवढंही विचारायचं का? मी मनानंच वरच्या आकड्यातून वीस आणि खालच्या आकड्यातून दहा वजा करून, लाल रेघ मारून, सुंदर अक्षरात लिहीत गेले. तेच तुला आणि, बापूंबरोबर वही पाठवून, तेच मॅडमना. मॅडमनी वहीवर शाबासकी दिली.

जीप यायच्या आधीच पोरगी आली, धुरपताबाई दाईनं सोडवलं, हे तुला फोनवर कळलंच. सगळे म्हणाले, सुटली, आता मशीन ठेवून दे. पण मॅडमनी बाळंतपणानंतरही सहा आठवडे मोजायला सांगितलं होतं, म्हणून मोजत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी वहिनीचं डोकं ठणकायला लागलं. याडी म्हणाली जागरण असेल. मशीननं १७२/११२ दाखवलं. १६०/११० ला त्याच घडीला निघायचं, हे मला पाठ होतं. आणि दादा, तरी माझ्या हातानं वहीत १५२/१०२ लिहिलं! तेवढ्यात वहिनी म्हणाली, "शितल, तू मला दोन-दोन काहून दिसून राहिलीस?"

मी बापूंची पक्कड आणली. याडी आडवी आली. मी तिला ढकललं, होय, ढकललं, आणि डाव्या दंडाचा चुडो कापला. तुझ्या नावाचा. याडीनं असा हंबरडा फोडला की शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं तुझीच काही खबर आली. उघड्या दंडावर १७०/११४. वजा करायला काही नव्हतंच.

बापूंनी जीप आणली. दवाखान्यात लगेच इंजेक्शनं दिली. मॅडम म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर झटके आले असते. मी वही पुढे केली, सगळं सांगितलं. त्या रागावल्या. "जे दिसतं ते लिहायचं, तुला पटतं ते नाही. आणि कुठं बांधलं तेही लिहायचं." मी खूप रडले. काल वहिनी घरी आली. आता दंड मोकळा, गोळ्या वेळेवर, आणि मशीन काढलं की हसते, "आली बघा कंडक्टरीण, फाडा तिकीट!"

पण याडी हसत नाही. तू गुवाहाटीच्या रस्त्यावर, सहा दिवस तुझा फोन नाही. रोज सकाळी ती फाट्यावर अशफाकभाईंच्या फोनच्या दुकानासमोर जाऊन बसते. नवा चुडो भरू म्हटलं तर म्हणते, "आधी तो जिता हाय का ते कळू दे." मी या गोष्टी मानत नाही, असं तिला सांगते. तुला खरं सांगते, ट्रक दिसला की मीही नंबर वाचते.

नागपूरच्या ऑफिसात हे पत्र हाती पडलं की तिथूनच फोन कर. आधी तिच्याशी बोल. पोरीचं नंतर, वहिनीचं नंतर. माझ्यावर ओरडायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, मी तिथेच उभी असेन.

तुझ्याआधी वहिनीला निवडलेली,
आणि तरी तुझीच,
शितल