देवराईतलं निळं फूल

तीर्थरूप नानांस,
हर्षालीचा नमस्कार.

कोलकात्यात माझं बरं चाललं आहे. खोलीला मोठी खिडकी आहे. आईचा गुडघा कसा आहे? नाचणी काढून झाली का?

गेल्या वर्षी श्रावणात आपल्या देवराईत दिसलेलं निळं फूल नवं ठरलं. विज्ञानात त्याची नोंदच नव्हती. आपल्या गावावरून त्याला लॅटिन नाव दिलं आहे.

नाना, नाव द्यायचं तर एक नमुना कायमचा जपावा लागतो आणि तो कुठून घेतला ते लिहावं लागतं. तुम्ही राईत चपला काढून पुढे चालला होतात, तेव्हा मी त्या फुलाचं रोप मुळासकट उपटून पिशवीत टाकलं. त्या फुलावरच्या माझ्या शोधलेखात मात्र जागा लिहिली, ओढ्याचा काठ.

त्याच दिवशी लंकाकाकूंची वाळल्या काटक्यांची मोळी तुम्ही परत टाकायला लावलीत. "राईतली काडीबी न्यायची न्हाई," म्हणालात. काकू म्हणाल्या, "पोरीची पिशवी बघ की, गेणू." तुम्ही म्हणालात, "माझी पोर हाय ती." पिशवी पाहिली नाहीत.

उद्या कुणी ओढ्याकाठी ते फूल शोधेल आणि त्याला ते मिळणार नाही. म्हणून काल संपादकांना खरी जागा कळवली. आता ती छापून येईल आणि गावालाही कळेल.

शनिवारी दुपारी ओतूरला उतरते. लंकाकाकूंच्या दारात आधी मी एकटी जाईन. तुम्ही स्टँडवर आलात तर बरं वाटेल. नाही आलात तर मी चालत येईन.

तुमची,
हर्षाली