संबंध असल्यास पुरावा जोडावा

१३ मे २०२४, सोमवार. किटवे.
ओटावाहून कर खात्याचं पत्र. पोस्टाच्या पेटीत किती दिवस पडून होतं कोण जाणे. पेटीची किल्ली मक्याच्या पिठाच्या डब्यात सापडली. ती तिथे कशी गेली यावर माझं आणि घरकामाला येणाऱ्या चोलाच्या आईचं एकमत नाही.
पत्रातला मजकूर असा: आपण अठरा वर्षं झांबियात राहता, तरी कॅनडाचे रहिवासी म्हणून कर भरता. आपले कॅनडाशी काय संबंध आहेत ते सोबतच्या फॉर्ममध्ये लिहावे. संबंध असल्यास पुरावा जोडावा.
हसू आलं. मर्ल स्टॅडनिक, जन्म फ्लिन फ्लॉन, मॅनिटोबा. माझे आणि कॅनडाचे संबंध काय, हे मला विचारतात. अर्ध्या तासाचं काम आहे. रविवारी बसतो.

१९ मे, रविवार
लाईट नव्हती. फॉर्म राहिला. दुपारी दोनला ऊन भरपूर होतं, पण सरकारी कागद दिव्याखालीच भरावा असं माझं मत आहे.

२१ मे
ऑरेल येऊन गेला. किटवेत सध्या आम्ही दोनच कॅनेडियन, त्यामुळे तो येतो. क्युबेकचा आहे, खाणीत ड्रिलिंग बघतो. त्याने आठ वर्षांपूर्वी हाच फॉर्म भरला, प्रत्येक रकान्यात ‘नाही’ लिहिलं, आणि कॅनडाच्या करातून सुटला. मला म्हणाला, म्हाताऱ्या, डोळे मिटून सगळीकडे ‘नाही’ लिही, सुंठीवाचून खोकला जाईल. मी म्हटलं, मला खोकला नाहीच, मला काही घालवायचं नाही. मग त्याने विचारलं, घरी शेवटचा कधी गेला होतास. प्रश्न गैरलागू होता. मी त्याला शेंगदाणे दिले.
(२०११. पण तिकिटं किती महाग झाली आहेत.)
मुळात मी इथे तात्पुरता आहे. कॉलेजात सर्व्हेइंग शिकवण्याचं माझं कंत्राट एका वर्षाचं असतं. आजवर सतरा वेळा वाढवलं, ते त्यांनी.

२६ मे, रविवार
बसलो. प्रश्न पहिला: कॅनडात आपलं घर आहे का?
माझ्या मुलीच्या आईने ते २००७ साली विकलं. पण ‘नाही’ लिहिणं एकांगी झालं असतं. त्या घराचा एकेक खिळा मला पाठ आहे. शेवटी मी सर्व्हेयर माणूस. घराचा नकाशा काढला, १:५० स्केलने, तळघरासकट. स्वयंपाकघराच्या दाराची मूठ सैल होती तेही दाखवलं. दिवस त्यातच गेला. फारच छान झालाय. जोडला.

२ जून
प्रश्न दुसरा: पत्नी कॅनडात आहे का? होय किंवा नाही.
मधला एक पर्याय हवा होता. ती आहे, कॅनडातच आहे, केलोनाला. फक्त माझी नाही. ‘होय’ लिहिलं आणि खुलासा मागच्या पानावर.

९ जून, संध्याकाळी ५
प्रश्न तिसरा: आपलं सामान कॅनडात आहे का? हा माझा हुकमी एक्का. वर्नाच्या तळघरात माझी अकरा खोकी आहेत. वर्ना म्हणजे माझी धाकटी बहीण, अजून फ्लिन फ्लॉनलाच असते. फोन लावला, म्हटलं, खोक्यांचे फोटो काढून पाठव. ती म्हणाली, कसली खोकी? २०१३ मध्ये तळघरात पाणी शिरलं तेव्हा सगळं फेकलं की, तुला ईमेल केला होता. मी म्हटलं, मिळाला नाही. ती म्हणाली, तू उत्तर दिलंस, ‘ठीक आहे, काळजी घे’ असं.
मग ती खाली जाऊन आली. माझा एक कर्लिंगचा बूट निघाला. बर्फावरून घसरायचा, डावा. मांजर त्यात झोपतं म्हणाली.
फॉर्ममध्ये लिहिलं: होय. क्रीडासाहित्य.

१ जुलै, सोमवार. कॅनडा दिवस.
इथे आज हीरोज डेची सुट्टी. दुकानं बंद, कॉलेज बंद. बाहेरच्या माणसाला वाटेल सगळं किटवे कॅनडासाठी बंद आहे. समारंभ ठेवला. ‘सामाजिक संबंध’ या रकान्यासाठी फोटो लागणार होते. झेंडा ॲव्होकॅडोच्या झाडाला बांधला. (हे झाड मी लावलं, आता छपरापेक्षा उंच आहे. झाड लावलं म्हणजे माणूस राहायलाच आला असं नव्हे.) आजीच्या पद्धतीचे पेरोगी केले, बटाट्याचं सारण भरून, चाळीस. ऑरेल येणार होता. त्याच्या बायकोच्या माहेरी, न्दोलाला, बारसं निघालं. बायको इथलीच आहे.
चोलाच्या आईने तीन खाल्ले. म्हणाली, शिकुलू, समोसा चांगलाय, पण हा पाण्यात कसा पडला? ती मला शिकुलू म्हणते, म्हणजे आजोबा. मग उरलेले तिने तळले. तळून बरे लागले, हे मान्य करतो.
फोटोत ती, झेंडा आणि कढई. मी नाही. काढणारा मीच होतो. जोडला.

१४ जुलै
फॉर्म परत करायची मुदत ३१ ऑगस्ट. भरपूर वेळ आहे.
आज कपाटात मोठा पुरावा सापडला. फ्लिन फ्लॉनच्या वाचनालयाचं पुस्तक, बर्फात भोक पाडून मासे कसे धरावेत यावर. २००६ साली घरी आणलेलं, परत करायचं राहिलं. म्हणजे वाचनालय अठरा वर्षं माझी वाट बघतंय. याहून घट्ट संबंध कोणता? त्यांना सविस्तर ईमेल केला, दिलगिरीसह.

१७ जुलै
वाचनालयाचं उत्तर आलं. बाई फार गोड आहेत. लिहितात, नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. आपण आणि ते पुस्तक, दोन्ही आमच्याकडे दिसत नाहीत. पुस्तक खुशाल ठेवावे.
पुस्तक वाचायला घेतलं. किटवेला बाहेर चोवीस डिग्री.

२८ जुलै, रविवार
शेवटचा प्रश्न: कॅनडात अशी व्यक्ती आहे का, जिच्या घरी आपल्यासाठी राहण्याची जागा कायम राखून ठेवलेली आहे?
लॅरिसा. माझी मुलगी. विनिपेगला असते, तिच्या नवऱ्याचं, ओवेनचं, स्वतःचं घर आहे. हा प्रश्न आधी का नाही वाचला? बाकीचे सगळे संबंध एकीकडे आणि हा एकीकडे. फोन केला. म्हटलं, एक पत्र हवंय, तुझ्या घरात माझी खोली आहे असं. म्हणाली, काय हवंय? पुन्हा सांगितलं. लाईन खराब असावी. मग म्हणाली, देते लिहून, बाबा. कधीपर्यंत हवंय?

११ ऑगस्ट
पत्र आलं. लॅरिसा असं लिहिते हे मला माहीतच नव्हतं. ‘माझ्या वडिलांची खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकी पूर्वेला आहे, कारण ते लवकर उठतात. त्यांच्या पुस्तकांसाठी फळी आहे. हिवाळ्यात त्यांचा जाड कोट दारामागे टांगलेला असतो. ते केव्हाही आले तरी चादर धुतलेली असते.’
तीनदा वाचलं. मग एकदा मोठ्याने. चोलाची आई भोपळ्याचा पाला निवडत होती, तिलाही भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, पोरीने एवढी खोली मांडून ठेवलीय आणि तुम्ही इथे काय करताय? मी म्हटलं, सेमिस्टर चालू आहे.

१३ ऑगस्ट
फॉर्म, नकाशा, फोटो आणि पत्र कुरिअरने ओटावाला रवाना. अर्ध्या तासाचं काम, तीन महिने लागले. पण झालं ते कसं नेटकं झालं.

१८ ऑगस्ट
खोलीचा विचार करतोय. पूर्वेची खिडकी म्हणजे पलंग दक्षिणेच्या भिंतीला हवा, नाहीतर पहाटेच तोंडावर ऊन. कागदावर मांडून बघितलं. बाजारातून घरात घालायच्या सपाता आणल्या. तिकडे बूट दाराशीच काढतात, आणि दर वेळी ओवेनच्या सपाता मागणं बरं दिसणार नाही.
ऑरेलला खोलीबद्दल सांगितलं. त्याने काहीच टोमणा मारला नाही. आश्चर्य आहे.

२५ ऑगस्ट, रविवार
पलंगाबद्दल लॅरिसाला फोन केला. ती म्हणाली, कुठला पलंग? मी म्हटलं, खोलीतला. ती म्हणाली, बाबा, तशी खोली नाहीये. तुम्ही पत्र मागितलंत म्हणून मी लिहून दिलं, कागदासाठी. वर ओवेनचं ऑफिस आहे. तुम्हाला ठाऊक असेलच असं वाटलं मला.
मी म्हटलं, अर्थात, ठाऊकच होतं. पलंगाचं सहज विचारलं.
मग हवेबद्दल बोललो. तिकडे पाऊस आहे.

२६ ऑगस्ट
नव्या सपाता कपाटात, मासे धरायच्या पुस्तकाशेजारी ठेवल्या.
लॅरिसाचा दोष नाही. मी मागितलं, तिने दिलं. पण फॉर्मच्या शेवटी माझी सही आहे, ‘वरील माहिती खरी आहे’ याखाली. आणि सरकारी माणसाने ती खोली खरी मानून निकाल दिला तर? तो बिचारा माझ्यामुळे चुकेल. हे बरं नव्हे. पत्र लिहिलं:
‘महोदय, माफ करा. माझ्या मुलीच्या पत्रातली खोली अस्तित्वात नाही. चूक माझी आहे, तिची नाही. पलंगही नाही. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल पुन्हा एकदा माफी.’
कुरिअरने पाठवलं. बरं वाटलं. प्रामाणिक माणसाचे संबंध सरकारही नाकारत नाही.

२७ ऑगस्ट
ऑरेलला सांगितलं. त्याने डोकं धरलं. म्हणाला, हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं हे आमच्या क्युबेकवाल्यांना नाही जमत, त्याला तुम्ही मॅनिटोबावालेच हवेत. कोणी विचारलं होतं तुला? मी म्हटलं, सॉरी. तो म्हणाला, बघ, परत तेच.

२२ सप्टेंबर, रविवार
चोलाच्या आईचा चोला लुसाकाला गॅरेजात आहे. महिन्यातून दोनदा येतो. सहज विचारलं, तुझ्या घरी त्याची खोली आहे का? ती हसायलाच लागली. म्हणाली, आमचं घरच दोन खोल्यांचं, शिकुलू. खोली कुठली त्याला? चटई आहे. आला की पसरते.
हे सरकारी फॉर्ममध्ये कसं बसवता येईल, याचा विचार केला. बसत नाही. चटईसाठी माणसाला आधी यावं लागतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार
आज तिकडे थँक्सगिव्हिंग. इथे छत्तीस डिग्री. टर्की मिळत नाही, कोंबडी आणली. चोलाच्या आईला सुट्टी दिली होती, तिच्याच लक्षात राहिलं नाही आणि ती आली. दोघांनी खाल्ली. पुढच्या वर्षी हा दिवस तिकडेच. नक्की.
लॅरिसाचा फोन येईल म्हणून बाहेर गेलो नाही. त्यांच्याकडे पाहुणे असतील.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
निकाल आला. सुरुवातच ‘माफ करा, उशीर झाला’ अशी.
आपले कॅनडाशी रहिवासी म्हणून कोणतेही महत्त्वाचे संबंध आढळले नाहीत. आपण ८ सप्टेंबर २००६ पासून अनिवासी आहात. यापुढे रहिवासी म्हणून कर भरू नये.
नकाशा परत पाठवलाय, घडी न घालता, पुठ्ठ्याच्या नळीत. पत्राच्या तळाशी कोणीतरी पेनाने लिहिलंय: खोलीचं वाचून वाईट वाटलं. सही वाचता येत नाही. खाली नुसता टेबल नंबर आहे.
ऑरेल बिअर घेऊन आला. म्हणाला, अभिनंदन, म्हाताऱ्या, न मागता सुटलास. कॉलेजच्या अकाउंटंटनेही हात मिळवला. चोलाच्या आईने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, मी किटवेला राहतो असं लिहिलंय. ती म्हणाली, एवढ्यासाठी कॅनडाला कशाला विचारायचं? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.
मला तारखेचं लागलं. घर विकलं ती २००७ ची तारीख धरली असती, तर समजू शकलो असतो. २०११ धरलं असतं तरी चाललं असतं. मला वाटायचं, संबंध हळूहळू सुटत जातात, एकेक करून, आणि आपल्याला मधेच केव्हातरी जाऊन ते पुन्हा बांधता येतात. त्यांनी विमानात बसलो तोच दिवस धरला. त्या दिवशी लॅरिसा एकोणीस वर्षांची होती. विनिपेगच्या विमानतळावर माझी बाही सोडेना. दोन वर्षांत येतो, म्हणालो होतो मी.
संध्याकाळी पाचला तिला फोन केला. निकाल सांगितला. तिला फार आनंद झाला. म्हणाली, बरं झालं बाबा, माझ्या त्या पत्राने काही घोटाळा होतो की काय, अशी धास्ती होती मला. आता त्या कागदांच्या मागे लागायला नको. अभिनंदन.
मी थँक्यू म्हणालो.