पहिली रेकॉर्ड आणि मिस्टर ऑटली

३ मार्च १९६३, लंडन
माझी पहिली रेकॉर्ड बाजारात आली. बायकोला, मॉरीनला, सांगून ठेवलं: आता घरात माणसांची रीघ लागेल, खुर्च्या कमी पडतील.

८ मार्च
साप्ताहिकात ऑटली या समीक्षकाचा लेख. ‘लेन पास्क सॅक्सोफोन असा फुंकतात, जणू शेतातली बदकं हाकलताहेत. तालाचं भान आहे ते एकट्या ड्रमरला.’ मला काही वाटलं नाही. किटली भिंतीवर फेकली. चहा तसाही गार झाला होता.

९ मार्च
तालमीला आमचा ड्रमर नेव्हिल लेख मोठ्याने वाचत होता. मी त्याला हलकेच ढकललं. तो मोठा ड्रम फोडून आत गेला. हलकेच नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

११ मार्च, सकाळी
ऑटली दुपारी सोहोतल्या एका पबमध्ये जेवतो. बेत साधा आहे. एकच ठोसा, मग शांतपणे रेकॉर्ड समजावून सांगायची.
मॉरीन दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, “लेन, त्याचं पोट लेखणीवर आहे. तुझं ओठांवर.”
लष्करात बॉक्सिंग केलंय मी. एकदा.

१२ मार्च, हॉस्पिटल
ऑटली साठीचा, बुटका. ठोसा आधी मी मारला, हे नोंदवून ठेवतो. त्याने चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मग मारलं. लोक काहीही वाढवून सांगतात. त्याने तीनदाच मारलं. वरच्या ओठाला सात टाके, पुढचे दोन दात गेले. रक्त बरंच गेलं, पण नैतिक विजय माझाच.

२० मार्च
दौऱ्यावर माझ्या जागी नेव्हिलने दुसरा वादक नेला. तात्पुरता. त्याला सूचनांचं चार पानी पत्र पाठवलं.

५ एप्रिल
ऑटली घरी आला. टोपी हातात. म्हणाला, “रेकॉर्ड पुन्हा ऐकली. ती शेवटची संथ धून फार सुंदर वाजवलीयत तुम्ही. तसं लिहायला हवं होतं मी.” पुन्हा कधी वाजवणार, हेही विचारलं. मी म्हटलं, आठवडाभरात. मॉरीन उठून आत गेली. ओठातली नस तुटलीय, असं डॉक्टरने तिला सांगितलंय म्हणे. डॉक्टरला जॅझमधलं काय कळतं?

१४ एप्रिल
ओठाची जखम भरली. सॅक्सोफोन पुसला, तासभर फुंकला. हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटते.
मॉरीन स्वयंपाकघरातून म्हणाली, छान वाजवलंस.
तोवर एकही सूर निघाला नव्हता.