सील लावणार कशाला?

३ मार्च १९९७, सोमवार
आजपासून रोजनिशी. अडचणीतही डोकं शांत ठेवणाऱ्या माणसाची नोंद राहिली पाहिजे. सोनईच्या पतसंस्थेची नोटीस. झेरॉक्स मशीनचं कर्ज थकलंय. एकतीस मार्चच्या आत नुसतं मुद्दल भरलं तर व्याज माफ. नाहीतर दुकानाला सील, आणि जामीनदाराच्या पगारातून वसुली. हसू आलं. शनिशिंगणापुरात दुकानाला दारच नाही. सील लावणार कशाला? मॅनेजर बी.कॉम. आहे म्हणे.

५ मार्च
बायको भागिरथी म्हणते, सवलत आहे तोवर मोकळे व्हा. ही देवळाच्या वाटेवर तेल आणि रुईच्या माळा विकते. हिला फायनान्स काय कळणार? आज किती झेरॉक्स काढल्या, म्हणून हिनेच विचारलं. तीन. पैकी एक नोटिशीची. भाविक साडेसाती घेऊन येतात, कागदपत्रं आणत नाहीत. यात माझा काय दोष?

१० मार्च
नगरला वकिलाकडे. नादारीचा अर्ज करावा, हा माझा विचार. पेपरात नाव येईल, म्हणाले. बरं वाटलं. मग फी सांगितली. तेवढे असते तर मी नादार कसा, असं विचारलं. त्यांनी पुढच्या अशिलाला हाक मारली. मठ्ठ माणूस. येताना भेळ खाल्ली.

१७ मार्च
नवा प्लॅन. घोडेगावच्या पतसंस्थेतून मोठं कर्ज काढायचं, सोनईचं फेडायचं, उरलेल्यात कलर झेरॉक्स. जामीनदार हवा. पहिल्या कर्जाला भागिरथीचा भाऊ मच्छिंद्र होता, एसटीत कंडक्टर. त्याला स्टँडवर गाठलं. म्हणाला, "दाजी, पहिल्याच सहीचं पत्र डेपोत आलंय. एप्रिलपासून पगार कापनार हाईत. मे मधी पोरीचं लगीन हाय माझ्या." घाबरट. लग्नात आहेर केवढा करणार आहे मी, ते विसरला.

२४ मार्च, रात्री
भागिरथी म्हणते मशीन विका. सोनईचा एक दुकानदार मुद्दलाएवढे द्यायला तयार आहे, मॅनेजरचीही हरकत नाही. मी ठणकावलं, मशीन जागचं हलणार नाही. ती माळा गुंफायला बसली. पटलं असावं.

२९ मार्च, शनिवार
तुफान गर्दी. झेरॉक्स एक. दुपारी घरी जरा आडवा झालो. परत येतो तर दुकानात मशीन नाही. फरशीवर चार स्वच्छ चौकोन. या गावात चोरी? शेजारची राहीबाई नारळ विकता विकता म्हणाली, "चोरी कशाची? भागिरथीनं टेम्पोत घालून नेलं की. मीबी हात लावला."
दार असतं तर कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली असती. जुन्या लोकांनी पुढचा विचारच केला नाही.

३१ मार्च
भागिरथीबरोबर सोनईला. मुद्दल भरलं. मच्छिंद्र सुटला. पावतीवर नाव माझं, हे महत्त्वाचं. मॅनेजर म्हणाला, डेपोला पाठवायला पावतीची झेरॉक्स आणा. समोरच दुकान. लाइनीत सहावा नंबर. मशीन ओळखीचं. रुपया मागितला. नंतर देतो म्हटलं. दुकानदाराने मशीनवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. 'उधार बंद.' अक्षर माझंच.
रुपया भागिरथीने दिला.