पळसाचा पुतळा

सारंगखेडे, तालुके शहादे
भाद्रपद वद्य द्वादशी, शके १८५६

आमच्या घरचे थोरले, मुक्काम न्यूयॉर्क, यांस धनुबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि पुस्तक, दोन्ही पोचलं. सासूबाई बऱ्या आहेत. डोळ्यांनी अधू झाल्या, पण जीभ अजून तरणी आहे. तापी यंदा फार चढली नाही. कापूस ठीक, केळीला वाऱ्याचा थोडा मार बसला. तुम्ही लिहिलंत की पौषात बोटीवर चढता आणि परत जाताना मला न्यूयॉर्कला घेऊन जाता. त्याचं उत्तर द्यायचं म्हणूनच हे पत्र. पण एकदम उत्तर लिहायला हात धजत नाही, तेव्हा आधी इकडचं ऐका.

तुमचं पत्र आलं ते नेमकं पितरांच्या पंधरवड्यात. टपालवाल्यानं हाक मारली तेव्हा मी तुमच्याच तिथीची खीर ढवळत होते. हसू नका. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की त्याचं क्रियाकर्म उरकावं असं शास्त्र आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे. आम्ही बारा वर्षं थांबलो. मग पाच वर्षांमागे प्रकाशा गावच्या संगमावर तुमचा पुतळा केला. पळसाची पानं, पळसाचे देठ, डोक्याच्या जागी नारळ. पळस आपल्याच खळ्यामागचा, पानं मी तोडून आणली. खरं सांगू, पुतळा तुमच्यापेक्षा अंगानं बरा होता. तुम्ही गेलात तेव्हा नुसत्या काड्या होतात.

आम्ही बायका घाटाच्या वरच्या पायरीवर होतो. खाली आगीत नारळ तडकला तसा सासूबाईंनी हंबरडा फोडला. मीही रडले. लोकांना दाखवायला नाही, मनापासून रडले. घरी येऊन बांगड्या उतरवल्या. यंदा मात्र तुमचं पान वाढायचं की नाही यावर घरात वाद झाला. शेवटी वाढलं, पण कावळा काही फिरकला नाही. खीर मुलांनी चाटूनपुसून खाल्ली.

आता पुस्तकाचं. शहाद्याचे रतिलाल मास्तर इंग्रजी शिकवतात, त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी आधी तुमचा पुढे छापलेला वृत्तांत वाचून सांगितला, तेव्हा कळलं की ऊसशास्त्र शिकायला गेलेला माणूस काय काय करून बसला. बागांत फळं तोडली, जंगलात ओंडके ओढले, खाणावळीत ताटं विसळली. मग न्यूयॉर्कच्या तळघरात चार मित्र मिळून मासिक काढलं, त्यात म्हणे काही पानं उलटी छापलेली असत. तुम्ही मंचावर उभे राहून लोखंडी तवा बडवत कविता म्हणालात आणि लोकांनी टोमॅटो फेकले. नाव घेतलंत टॅप्टी. मास्तर म्हणाले, वर्तमानपत्रांना तुम्ही इटलीचे वाटलात. तापीचा माणूस इटलीचा झाला यावर सासूबाई पुष्कळ हसल्या. आता तेच लोक तुम्हाला नव्या कवितेचा बाप म्हणतात, बक्षीस देतात. ऐकून मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

कविता आम्हाला कळल्या नाहीत. एका पानावर चार शब्द, मग लांबच लांब कोरं, मग कोपऱ्यात एक अक्षर. तुमच्या एकुलत्या धाकट्या भावांनी पान उभं धरलं, आडवं धरलं आणि पेरणीचं बोलावं तसं म्हणाले, "भाऊनी पाभर अडकेल शे. बी पडतच नही." मास्तरांनी समजावलं की कोरी जागासुद्धा कवितेचाच भाग असते, वाचणाऱ्यानं तिथे थांबायचं असतं. मला ते पटलं. थांबण्यातलं मला कळतं.

पण एका कवितेवर माझं भांडण आहे. मास्तर म्हणाले, सगळ्यांत गाजलेली तीच. त्यात एक बाई नदीकाठच्या गावी दारात दिवा घेऊन उभी आहे, वर्षानुवर्षं, आणि नवरा समुद्रापलीकडून तिचं नाव घेतो. खाली अर्धं पान कोरं. नाव माझंच आहे. अहो, मी दारात कधी उभी होते? आपल्या घरात दिवेलागणीला म्हशींच्या धारा असतात, हे विसरलात का? मी गोठ्यात होते. सासऱ्यांना अर्धांग झालं तेव्हा त्यांना कुशीवर वळवत होते. दोन वर्षं तुमची पत्रं आली, नंतर आली नाहीत, तेव्हा गावच्या बायका म्हणत, धनूचा पायगुण. ते ऐकत होते. या सगळ्यासाठी तुम्ही अर्धं पान कोरं सोडलंत आणि तिकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही लिहिता, लढाईत पोलिसांनी तुमचे मित्र धरले, म्हणून नाव बदलून पळालात, घरी लिहायची भीती वाटली. मानलं. ती भीती दोन वर्षांची, फार तर तीन. पुढची वर्षं कशाची? तुम्ही लिहिता, लाजेची. मला राग आला, अजून आहे. एक ओळ पुरली असती. तुमची ती चार शब्दांची कवितासुद्धा चालली असती.

सासूबाईंना राग नाही. त्या पहिल्यापासून म्हणत, "मन्हा छगन जित्ता शे. मन्हं आतडं खोटं नही बोलत." आता दिवसभर ते पुस्तक मांडीवर घेऊन बसतात, उलटं की सुलटं कळत नाही, हात फिरवतात. तुम्ही यावं यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला आहे. म्हणून आम्ही प्रकाशाच्या भटजींना घरी बोलावलं आणि विचारलं, ज्याचा पुतळा जाळला तो जिवंत परतला तर त्याला घरात कसं घ्यायचं?

भटजींनी पोथी पाहून सांगितलं, तो माणूस पुन्हा जन्माला घालावा लागतो. अंगाला तूप लावून न्हाऊ घालायचं, आईच्या मांडीवर द्यायचं, बारसं करायचं, कानात नाव सांगायचं, असे सगळे संस्कार पहिल्यापासून. आणि शेवटी लग्न.

"लगीन कोनसंगे?" सासूबाईंनी विचारलं.

"पहिल्याच बायकोशी," भटजी म्हणाले. ते नवे आहेत, त्यांना घरचं ठाऊक नव्हतं.

तुमचे भाऊ उठून बैलांना पाणी पाजायला गेले. बैलांना नुकतंच पाजलं होतं.

ते का उठले हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते. तुमचं क्रियाकर्म झालं त्याच सालच्या उन्हाळ्यात त्यांची पहिली बायको सिंधू गेली. मागे बेबी, तेव्हा रांगतही नव्हती. ती माझ्याच पदराखाली झोपायची. वर्षानं जातीच्या चारचौघांनी आणि सासूबाईंनी मिळून त्यांच्याशी माझा पाट लावला. कुणी जबरदस्ती केली नाही. मला विचारलं, मी हो म्हटलं. मला एक मुलगा आहे, भटू. तीन वर्षांचा आहे आणि तुमच्यासारखा हट्टी आहे, हे सासूबाईंचं म्हणणं. बेबी मला आईच म्हणते. तुमच्या तिथीची खीर चाटणारी मुलं ती हीच.

तुमचं पत्र आल्यापासून हे नीट जेवत नाहीत. परवा चुलीपाशी येऊन बसले, लाकूड उगीच आतबाहेर केलं आणि म्हणाले, "भाऊना हक्क पहिला शे. तुले जानं व्हई ते जाय. मी तुले आडावाव नही."

मी म्हटलं, "जानारी बाई अशी भाकरी थापत बठस का?"

हसले नाहीत. म्हणाले, "तो मोठा मानूस व्हई गया. मी काय, नांगऱ्या."

मला वाईट वाटलं. तुमच्यावर त्यांचा राग नाही, हेच अवघड आहे. लहानपणी तुम्ही त्यांना खांद्यावर बसवून तापी ओलांडलीत ते अजून गावभर सांगतात. तुम्ही यावं असं त्यांना वाटतं आणि तुम्ही आलात तर आपलं घर मोडेल असंही वाटतं. म्हणून ते तुम्हाला काही लिहिणार नाहीत.

तेव्हा उत्तर. मी न्यूयॉर्कला येणार नाही. तुम्ही मला आवडत नव्हता असं नाही. एका पावसाळ्यापुरता आपला संसार झाला, तो चांगला झाला, तुम्ही मला पाटीवर बाराखडी पक्की करून घेतलीत, त्यावरच आज हे लिहिते. पण मी तुमच्यासाठी संगमावर रडले ते सगळं रडले, मागे काही ठेवलं नाही. आता जे आहे ते या घरचं आहे. माझा जीव यांच्यावर आहे. हे त्यांना मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिते.

तरी तुम्ही या. मुंबईहून सुरतेवरून नंदुरबारची गाडी धरा. स्टेशनावर हे बैलगाडी घेऊन येतील. सामान उतरवण्याच्या आधी, पाया पडायला ते वाकतील त्याच्या आधी, त्यांना एवढं सांगा: "मायले भेटाले उनू, कोनले लई जावाले नही." आपल्या बोलीतच सांगा, इंग्रजी कवितेत नको. हे म्हणणं जमणार नसेल तर बोटीवर चढू नका. सासूबाईंची समजूत मी घालीन, कशी ते मला ठाऊक नाही, पण घालीन.

भटजींना मी दुसऱ्या दिवशी प्रकाशाला जाऊन पुन्हा विचारलं. ते जरा ओशाळले. म्हणाले, लग्न पुन्हा केलंच पाहिजे असं नाही, बारशापर्यंत केलं तरी माणूस घरात येतो. नाव कानात आत्यानं सांगायचं, पण आपल्याकडे आत्या उरली नाही. ते काम मी मागून घेतलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही. नवऱ्याचं घेत नाहीत, भासऱ्याचं, म्हणजे थोरल्या दिराचंही घेत नाहीत. पण नव्यानं जन्मलेलं माणूस घरात सगळ्यांत धाकटं. भटूपेक्षाही धाकटं. हे तुमचे थोरले भाऊ आणि तुम्ही माझे लहान दीर. लहान दिराचं नाव घ्यायला कसली बंदी नाही, आणि त्याला अहो-जाहोही करावं लागत नाही.

आई मांडी घालून बसली आहे. लवकर ये, छगन.

तुझी वहिनी,
धनुबाई