सगळे फोटो खाली पाठवा

९ तारीख

दादाची बोट कालपासून वायरलेसवर बोलत नाही. वादळ ओसरलं म्हणे, ढग मात्र हटायला तयार नाहीत. वहिनी म्हणाली, "तुमचा उपग्रह आहे ना वर? बघा की मग!"

तिला काय सांगू? उपग्रह बघतो, पण मला दाखवत नाही. फोटो काढतो, वरच्या वर स्वतःच तपासतो, ढगाळ असला की पुसून टाकतो. बोट दिसली तर फक्त एक ओळ खाली धाडतो — अमुक ठिकाणी बोट. आमच्या अँटेनावरून काही मिनिटांत पसार होतो, तेवढ्यात सगळं उतरवणार कसं?

१० तारीख

एक ओळही नाही.

११ तारीख

साहेबांशी भांडले. म्हटलं, यंत्राच्या अकलेवर मी भाऊ सोडणार नाही. दादाची बोट शेवटची बोलली त्या समुद्राच्या पट्ट्यातले सगळे फोटो, ढगाळ असले तरी, सगळ्यात आधी खाली पाठवा. मी डोळ्यांनी बघते.

अँटेना सांभाळणारा — आम्ही त्याला घड्याळ म्हणतो — कुरकुरला, "ताई, खाली उतरवायची रांग तुंबेल. बाकीचं मागे पडेल." पडू दे! माझ्या तोंडी कोण लागणार? दुपारी हुकूम वर गेला.

१२ तारीख

ढग. नुसते ढग.

१३ तारीख

डोळ्यांची आग होतेय. एका फटीत पांढरा ठिपका दिसला, ओरडलेच. लाटेचा फेस निघाला. घड्याळाने गुपचूप चहा आणून ठेवला.

घरी वहिनी आता विचारत नाही, नुसती तोंडाकडे बघते. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं.

१५ तारीख

तटरक्षकांनी शोध थांबवला. "तुमचं दुःख समजतं," म्हणाले. समजलं असतं तर थांबवला असता का? मीही हात टेकले. दादा गेला, असं आज पहिल्यांदा मनात म्हणून पाहिलं. वहिनीने त्याचे शर्ट धुऊन वाळत घातलेत.

साहेबांना सांगितलं, बास. पुन्हा पहिल्यासारखं करा.

१६ तारीख

रांग मोकळी झाली. मागे अडकलेलं सकाळी खाली उतरलं. घड्याळाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि तो बाहेर निघून गेला.

एकच ओळ. बोट — लांबी दादाच्या बोटीएवढी, पाण्याबरोबर वाहतेय. माझ्या पट्ट्याच्या बाहेर, दक्षिणेला. ओळीवर तारीख ११, संध्याकाळची.

ती ओळ रांगेत माझ्या ढगांच्या फोटोंमागे थांबली होती. तटरक्षकांना कळवलंय. वहिनीला कसं सांगू?