परदेशी चिंध्यांचे ब्लँकेट

मी, बिराप्पा नानासो सणगर, वय अडुसष्ट, धंदा घोंगडी विणणे, राहणार आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहवीत आहे. दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल त्याने माझ्याशी येऊन भांडून पाहावे.

राहते घर दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. माग, धोटा आणि खळ लावायचा कुंचा थोरल्या गुंडाला. त्याचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मी त्याला कधी सांगितले नाही. बाजारातली पत्र्याची टपरी धाकट्या कृष्णातला. परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कोटांच्या चिंध्या पिंजून गिरणीत केलेली ब्लँकेटे तो तिथे विकतो. टपरी बंद पाडीन, असे गुंडा म्हणतो. त्याने तिला हात लावल्यास त्याचा घराचा हिस्साही कृष्णातकडे जाईल.

गुंडाचा राग खोटा नाही. त्या मालाने आमच्या गल्लीतले नऊ माग बसले. माझा भाऊ अर्जुना हमाली करायला इचलकरंजीला गेला, तो तिथेच वारला. पण माझे घोंगडे चाळीस रुपयांना आणि ब्लँकेट बारा रुपयांना, तर खडी फोडणाऱ्या बाईने काय घ्यावे, याचे उत्तर मला देता येईना. म्हणून मी खोटे बोललो.

सन १९७४ च्या थंडीत, भर शनिवारच्या बाजारात मी सांगितले की हे कोट मेलेल्यांच्या अंगावरून काढतात. गिरणीत जाऊन मी सगळे डोळ्यांनी पाहिले होते. तसे काही नव्हते. पण मढ्यावरचे कापड आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत नेत नाहीत. खडी फोडणाऱ्या धोंडुबाईने लेकीच्या बाळासाठी घेतलेले ब्लँकेट त्याच दुपारी परत केले. घोंगडे तिला परवडणारे नव्हते, आणि असेच घेऊन जा, असे मी म्हणालो नाही. चौथ्या दिवशी बाळ गारठून गेले.

पुढे ती भेटली तेव्हा म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून बरं झालं, आप्पा. न्हाईतर त्या कापडानंच लेकरू गेलं आसं वाटून मी जल्मभर रडले आसते."

तिने माझे उपकार मानले आणि मी मान हलवली. तेव्हापासून मला माझी किळस येते.

धोंडुबाईच्या नावे काही ठेवत नाही. देऊन फिटेल असे ते नाही. हा कागद आधी तिला वाचून दाखवावा व तिची साक्ष घ्यावी. माझ्यामागे तो गुंडाने बाजारात, मी उभा होतो तिथे, मोठ्याने वाचावा.

आटपाडी, ता. ९ जानेवारी १९७८
सही : बिराप्पा नानासो सणगर

साक्षीदार :
१. लालासाहेब गायकवाड, सही
२. ज्ञानू हाके, सही
३. धोंडुबाई खरात : मजकूर ऐकला. पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा वाचला. अंगठा न देता उठून गेल्या.